कवडी, मासळी आणि छायाचित्र : मालदीवची तीन चलने

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'च्या आरंभीच पैशाचे कोष्टक आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. वराटक म्हणजे कवडी. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, त्या गणितज्ञाने ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात सगळ्या नाणेव्यवहाराच्या तळाशी एका समुद्री गोगलगाईचे कवच बसलेले आहे. कवडी चलनातून गेली, भाषेतून गेली नाही. 'कवडीमोल', 'कवडीचुंबक', 'फुटकी कवडी' हे शब्द आपण रोज वापरतो, आणि तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ अजूनही असते.

पण ही कवडी यायची कुठून? थोड्याफार कवड्या हिंदी महासागराच्या अनेक किनाऱ्यांवर सापडतात. चलनाला पुरतील इतक्या, जहाजे भरून नेता येतील इतक्या कवड्या शतकानुशतके एकाच ठिकाणाहून येत होत्या. ते ठिकाण म्हणजे मालदीव.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. हिशेबनिशीची नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे जुन्या चलनांविषयी मिळेल ते वाचत आणि टिपून ठेवत आलो, एवढेच. कवडीच्या वाटेने मी मालदीवपर्यंत पोहोचलो, तेव्हा त्या देशाचे नाव आमच्या गावात फारसे कुणी घेत नव्हते. मग २०२४ चा जानेवारी उजाडला आणि ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर मालदीव आले. बहिष्कार घाला, तिकिटे रद्द करा, लक्षद्वीपला जा. आठवडाभरात एक देश मोडीत काढल्याचे समाधान अनेकांच्या चेहऱ्यावर मी पाहिले. माझ्या वहीत मात्र त्या देशाचा हजार वर्षांचा हिशेब होता, आणि तो या समाधानाशी जुळत नव्हता. हा लेख त्या हिशेबाचा आहे.

मालदीव म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना उत्तर-दक्षिण पसरलेली सुमारे १२०० प्रवाळबेटे. त्यांपैकी जेमतेम दोनशेवर वस्ती आहे. बेटे कंकणासारख्या वर्तुळांत मांडलेली असतात. अशा कंकणाला तिथे 'अतोळु' म्हणतात, आणि जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांतला 'अटॉल' हा शब्द त्यावरूनच आला. त्यांची दिवेही भाषा आपल्याच आर्य भाषाकुलातली, सिंहलीची सख्खी बहीण. 'दिवेही' या नावातही आपले 'द्वीप' आहे. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर हीच भाषा 'महल' या नावाने बोलतात. नात्याने मराठीची ही चुलत बहीणच, फक्त तिच्या घरी आपले जाणे-येणे नाही.

अकराव्या शतकात अल बिरुनीने या बेटांची विभागणी कशी केली ते पाहण्यासारखे आहे. त्याने दोन नावे दिली: 'दीव कुढा', म्हणजे कवड्यांची बेटे, आणि 'दीव कंबार', म्हणजे काथ्याची बेटे. राजा, धर्म किंवा दिशा यांवरून त्याने नावे दिली नाहीत. जे विकते त्यावरून दिली. (त्याने आणखी एक नोंद केली आहे. ही बेटे समुद्रातून वर येतात, काळाने झिजून पाण्यात विरतात, आणि लोक नव्या बेटावर राहायला जातात. समुद्राची पातळी वाढत असल्याची चर्चा आज ज्या देशाविषयी सर्वांत जास्त होते, त्याच्याबद्दलची ही नोंद हजार वर्षांपूर्वीची आहे.)

कवडी गोळा करण्याचे काम बायकांचे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे कमरेइतक्या पाण्यात उतरून त्या कवड्या वेचत. मग वाळूत पुरून आतला जीव कुजू द्यायचा, धुवायच्या, वाळवायच्या. १३४३ साली इब्न बतूता तिथे पोहोचला आणि बेटांचा काझी झाला. गादीवर तेव्हा खदीजा नावाची राणी होती. त्याने दर नोंदवला आहे: एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, आणि भाव पडला की बारा लाखांपर्यंत. बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेत, कारण त्यांच्याकडे तो पैसा होता. एकाच वस्तूचा दर तिप्पट खाली-वर होतो, आणि तो ठरतो बंगालच्या बाजारात. वेचणारीच्या हातात येतो तांदूळ, तोही कमी-जास्त.

पुढचा साक्षीदार फ्रेंच आहे. फ्रान्स्वा पिरार १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवला लागला आणि पाच वर्षे अडकून पडला. एका वर्षात केवळ कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे बंगालकडे गेलेली आपण पाहिली, असे तो लिहितो. त्याच्या फुटलेल्या जहाजाचे नाव होते 'कोर्बां', रोमन लिपीत 'सी-ओ-आर-बी-आय-एन'. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

युरोपीयांना कवडीचा खरा उपयोग समजला तो पश्चिम आफ्रिकेत. तिथेही ती पैसा होती. डच आणि इंग्रज कंपन्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांत अब्जावधी कवड्या आधी युरोपात नेल्या, लिलावात विकल्या, आणि पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांच्या मोबदल्यात गुलाम माणसे विकत घेतली. यान होगेनडॉर्न आणि मॅरियन जॉन्सन यांनी या व्यापारावर १९८६ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच गुलामांचा व्यापार आहे. वाळूत कवड्या पुरणाऱ्या मालदीवच्या बाईला त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. नफा मधल्या सगळ्यांनी खाल्ला.

मग शेवटही परस्परच झाला. ईस्ट इंडिया कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला महसुलात कवडी घेणे बंद करून चांदीचा रुपया मागायला सुरुवात केली. ओडिशातल्या १८१७ च्या पाइक उठावामागे जी कारणे सांगतात, त्यांत हेही एक आहे. आफ्रिकेत १८४५ पासून हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारकडची मोठी, स्वस्त कवडी ओतली आणि तिथला भाव कोसळला. दोन खंडांतले हे दोन निर्णय. मालदीवला कुणी विचारले नाही, कळवलेही नाही. ज्या वस्तूवर देश हजार वर्षे जगला, ती अक्षरशः कवडीमोल झाली.

दुसरे चलन मासळीचे. टुना मासा उकडायचा, धुरावर धरायचा, उन्हात लाकडासारखा कडक वाळवायचा. श्रीलंकेत त्याला उंबलकड म्हणतात, आणि त्याचा चुरा पडल्याशिवाय तिथल्या अनेक भाज्यांना चव येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास या व्यापारात मुंबईचे बोहरी व्यापारी उतरले. माले शहरात त्यांची दुकाने आणि वखारी झाल्या, मासळी बाहेर आणि तांदूळ-कापड आत असा व्यवहार त्यांच्या हाती गेला, बेटांवरचे लोक त्यांचे देणेकरी बनले. १८८७ मध्ये त्यांच्या दुकानांना आगी लागल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुलतानाने ब्रिटिशांचे संरक्षण पत्करले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बोहरी तिथून निघाले, पण ग्राहक एकच राहिला: सिलोन.

एकच ग्राहक असलेल्या दुकानाचे जे होते तेच झाले. १९७० च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेकडे परकीय चलनाचा खडखडाट झाला, सिरिमावो बंदरनायके सरकारने आयात आवळली आणि उंबलकडीचा धंदा बसला. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश सहा-सात वर्षांत कफल्लक व्हायची वेळ आली. पाठोपाठ १९७६ मध्ये ब्रिटिशांनी दक्षिणेकडचा गान बेटावरचा विमानतळ बंद केला आणि तिथल्या नोकऱ्याही गेल्या.

याच अडचणीच्या काळात, १९७१ मध्ये, एक इटालियन प्रवासी व्यावसायिक कोलंबोत मालदीवच्या वकिलातीतल्या अहमद नसीम नावाच्या तरुण कर्मचाऱ्याला भेटला. त्याला निर्जन, स्वच्छ बेटे हवी होती. नसीम त्याला मालवाहू बोटीतून मालेला घेऊन आला. या इटालियनाचे नाव जॉर्ज कॉर्बिन. पिरारच्या जहाजाचे नाव तेच. पावणेचारशे वर्षांच्या अंतराने एकाच नावाचे जहाज आणि माणूस मालदीवला लागावेत, यातून काही सिद्ध होत नाही. पण असे योगायोग सापडले की रात्री झोप लागत नाही.

कॉर्बिन फेब्रुवारी १९७२ मध्ये परत आला तो बावीस पाहुण्यांना घेऊन. त्यांत वार्ताहर होते, छायाचित्रकार होते. मला ही बाब सगळ्यात महत्त्वाची वाटते. मालदीवच्या पहिल्याच पर्यटकांच्या गळ्यात कॅमेरे होते. हॉटेल नव्हते, तेव्हा त्यांना मालेतल्या घरांत उतरवले. त्यांनी काढलेली चित्रे युरोपातल्या मासिकांत गेली, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये विहामानाफुशी बेटावर तीस खोल्यांचे 'कुरुंबा' सुरू झाले. कुरुंबा म्हणजे शहाळे. पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, झावळ्यांची शाकारणी, फोन नाही. त्या वर्षी सारे मिळून हजाराच्या आसपास पर्यटक आले. इथे बँक नाही, धड विमानतळ नाही, इथे पर्यटन चालणार नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्याआधी सांगितले होते म्हणतात. तज्ज्ञांनी सोयी मोजल्या. छायाचित्राला सोयी लागत नाहीत, आणि मागून सोयी करून घेण्याची ताकद त्याच्यात असते, हे त्यांच्या कोष्टकात नव्हते. १९७४ मध्ये आपल्या स्टेट बँकेने मालेत शाखा उघडली आणि सुरुवातीच्या अनेक रिसॉर्टना कर्जे दिली, हेही नोंदवून ठेवतो.

सरकारने धोरण ठरवले: एक बेट, एक रिसॉर्ट. निर्जन बेट भाडेपट्ट्याने द्यायचे, पाहुणा विमानतळावरून थेट तिथे जाणार, गावाशी संबंध नाही. दारू, पोहण्याचे कपडे, सगळे त्या बेटावर. वस्तीच्या बेटांवर मशीद, शाळा, नेहमीचे जगणे. धर्म आणि डॉलर यांच्यात समुद्राचे अंतर ठेवणारी ही योजना हुशार होती, तेवढीच खोटीही. रिसॉर्टमध्ये वाढपी आणि नावाडी म्हणून गावचीच पोरे जात होती. दोन्ही जगे ती रोज पाहत होती.

त्या पोरांपैकी काहींच्या मनात काय साठले होते ते ऑक्टोबर २०१० मध्ये बाहेर आले. एका रिसॉर्टवर एका युरोपीय जोडप्याने विवाहाच्या शपथा पुन्हा घेण्याचा समारंभ ठेवला. मंत्र म्हणावेत तशा गंभीर सुरात विधी चालवणारा कर्मचारी दिवेहीत त्यांना शिव्या घालत होता, आणि ते दोघे आदराने हात जोडल्यासारखे बसले होते. चित्रफीत यूट्यूबवर गेली. कुणीतरी भाषांतर केले. मग देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माफी मागितली, राष्ट्राध्यक्षांनी त्या जोडप्याला फोन केला, पोलीस आले. एका हॉटेल कर्मचाऱ्याच्या तोंडाळपणासाठी राष्ट्राध्यक्षाला फोन उचलावा लागतो, यावरून त्या देशाचा गल्ला कशावर चालतो ते कळावे. त्याच महिन्यात अमेरिकेत इन्स्टाग्राम सुरू झाले.

राष्ट्राध्यक्ष होते मोहम्मद नशीद. चित्राचे बळ त्यांना आधीच उमगलेले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी, पाणबुड्यांचे पोशाख घालून भरवली आणि ते छायाचित्र जगभर गेले. त्यांच्याच सरकारने वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे चालवायला मुभा दिली. या निर्णयाला आणि मोबाइलवरच्या छायाचित्राला एकत्र पाहिले पाहिजे. रिसॉर्टला युरोपातल्या प्रवास कंपन्या, छापील पुस्तिका, परदेशातली प्रदर्शने परवडत. चार खोल्यांच्या अतिथिगृहाच्या मालकाला ते कधीच जमले नसते. त्याला पाहुण्यानेच काढलेले, पाहुण्यानेच पाठवलेले, फुकटचे चित्र मिळाले. देशातला तुरुंग ज्या बेटावर आहे, त्या माफुशीवर अतिथिगृहांची रांग लागली. गावाच्या कडेला आडोसा करून 'बिकिनी बीच' ठरवून दिले गेले. आज देशात रिसॉर्टे पावणेदोनशेच्या आसपास आहेत आणि अतिथिगृहे आठशेहून अधिक. मोबाइलने त्या देशाचे काही भले केले असेल तर ते इथे केले, असे माझे मत आहे. पन्नास वर्षांत प्रथमच डॉलर थेट गावात आला.

आता जे चित्र सर्वांत जास्त फिरते त्याचा हिशेब मांडून पाहू. हिशेबनिसाला दुसरे काय येते? खासगी तलावाच्या निळ्या पाण्यावर एक वेताची परडी तरंगते आहे, तीत अंडी, पाव, फळे, रस, कॉफी. याला 'फ्लोटिंग ब्रेकफस्ट' म्हणतात. या चौकटीत मालदीवचे काय आहे? बेटांवर गहू होत नाही, भातही नाही, म्हणून पाव बाहेरच्या पिठाचा. फळे बहुतेक बाहेरची. कॉफी बाहेरची. तलावातले गोडे पाणी समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करून मिळवलेले, ते यंत्र डिझेलवर चालते, आणि डिझेल आयातीच्या यादीत अगदी वरच्या रांगेत. (डिसेंबर २०१४ मध्ये मालेतला असा प्रकल्प आगीने बंद पडला तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचे पाणी पाठवले होते.) परडी आणून ठेवणारा माणूसही परदेशी असण्याची शक्यता बरीच. २०२२ च्या जनगणनेत देशात सुमारे ५ लाख १५ हजार माणसे मोजली गेली, त्यांत सव्वा लाखाहून अधिक परदेशी होते. रिसॉर्टची मालकी किंवा व्यवस्थापन अनेकदा परदेशी साखळीकडे, आणि खोलीचे पैसे बरेचदा देशाबाहेरच्या खात्यात जमा होतात. चौकटीत उरले काय? ऊन, समुद्र आणि वाळू. कवडीच्या काळीही मालदीवचे तेवढेच होते.

आणि अंडी? १९८१ च्या व्यापार करारानुसार भारत मालदीवला अंडी, बटाटे, कांदे, तांदूळ, साखर यांचा ठरावीक कोटा देतो. एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे बहिष्काराची आरोळी उठून तीन महिने झाले असताना, आपल्या सरकारने हा कोटा करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा केला: सुमारे ४२ कोटी ७५ लाख अंडी आणि सुमारे ३५ हजार ७०० टन कांदा. त्या वेळी देशात कांदा निर्यातबंदी लागू होती. नाशिकच्या शेतकऱ्याचा कांदा चाळीत होता आणि मालदीवसाठी वेगळी सूट होती. मोबाइलवर एक धोरण चालू होते, बंदरावर दुसरे.

त्या जानेवारीकडे आता वळतो. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मालदीवला येणारे भारतीय २०१८ मध्ये ९० हजारांच्या घरात होते, २०१९ मध्ये १ लाख ६६ हजार झाले. करोनात देशाने मार्च २०२० च्या अखेरीस दारे बंद केली, १५ जुलैला उघडली. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशाने घटले. एवढा फटका फार थोड्या देशांना बसला. सावरण्याच्या त्या काळात मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या नटनट्यांची मालदीवमधली छायाचित्रे रोज झळकत होती, आणि २०२१ मध्ये २ लाख ९१ हजारांहून अधिक भारतीय गेले. पहिला क्रमांक. २०२२ आणि २०२३ मध्येही भारतच पहिला. दुसरीकडे, त्याच मोबाइलांवर मालेत 'इंडिया आउट' ही मोहीम फोफावत होती. तिच्या लाटेवर सप्टेंबर २०२३ मध्ये मोहम्मद मुइझ्झू निवडून आले. म्हणजे एकाच यंत्राने पाहुणाही आणला आणि पाहुण्याविरुद्धचा रागही.

२ आणि ३ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदी लक्षद्वीपला होते. त्यांची छायाचित्रे ४ तारखेला प्रसिद्ध झाली. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर हेटाळणीच्या नोंदी टाकल्या आणि ७ तारखेला त्यांना निलंबित केले गेले. दरम्यान भारतात बहिष्काराची हाक उठली होती. एका मोठ्या भारतीय प्रवास-संकेतस्थळाने मालदीवची विमान-आरक्षणेच थांबवली. तिथल्या प्रवास व्यावसायिकांच्या संघटनेने ती पुन्हा सुरू करावीत म्हणून पत्र पाठवले. मुइझ्झू त्याच आठवड्यात चीनमध्ये होते आणि तिथे अधिक पर्यटक पाठवण्याची विनंती करत होते.

निकाल आकड्यांत आहे. २०२३ मध्ये २ लाख ९ हजार भारतीय गेले होते, २०२४ मध्ये १ लाख ३० हजारांच्या आसपास. सुमारे ७८ हजारांची घट, पहिल्या क्रमांकावरून घसरण. बहिष्कार खरा होता, यात शंका नाही. पण त्याच वर्षी चीनमधून २ लाख ६३ हजार आले, रशिया आणि ब्रिटनमधूनही वाढले, आणि एकूण पर्यटक १८ लाख ८० हजारांच्या घरातून वीस लाखांच्या पलीकडे गेले. मालदीवच्या इतिहासातला तो उच्चांक होता.

उलट्या बाजूला लक्षद्वीप. सारी मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, दहा वस्तीची बेटे, २०११ च्या जनगणनेत साडेचौसष्ट हजार माणसे, जायला परवाना लागतो, अगत्तीच्या आखूड धावपट्टीवर छोटीच विमाने उतरतात. मालदीवचा एका आठवड्याचा पाहुणा तिथे उतरवला तर प्यायला पाणी पुरणार नाही. 'तिकडे नको, इकडे या' म्हणणाऱ्या कितीजणांनी नकाशा उघडला होता, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

आता माझ्या वहीतली विसंगती सांगतो. पर्यटकांचा उच्चांक झाला त्याच २०२४ मध्ये मालदीव दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. ऑगस्टमध्ये मध्यवर्ती बँकेकडची वापरता येण्याजोगी डॉलरची गंगाजळी ५ कोटींच्याही खाली आली. बँक ऑफ मालदीव्हजने २५ ऑगस्टला स्थानिक रुफिया खात्यांच्या कार्डांवरचे परदेशी व्यवहार रोखले. ओरड झाल्यावर त्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. पतमापन संस्थांनी दर्जा घसरवला. २०२१ मध्ये काढलेल्या ५० कोटी डॉलरच्या इस्लामी रोख्यांची परतफेड एप्रिल २०२६ मध्ये यायची होती, आणि सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर टक्क्यांपलीकडे गेले होते.

भारतात काहीजणांनी याचे श्रेय बहिष्काराला दिले. मला ते मान्य नाही. कर्ज पूल, विमानतळ, घरबांधणी आणि अनुदाने यांसाठी वर्षानुवर्षे साचलेले होते, एका महिन्यातले नव्हते. आणि डॉलर येत नव्हते असेही नाही. ते येत होते, पण देशात थांबत नव्हते. रिसॉर्टच्या कमाईतला मोठा भाग बाहेरच्या बँकांत राहत होता, आणि आत येई तो अंडी-डिझेल-सिमेंटपायी पुन्हा बाहेर जाई. डॉलरचा अधिकृत दर १५.४२ रुफिया, बाजारात मात्र बराच चढा. औषधासाठी, मुलाच्या परदेशातल्या शिक्षणासाठी डॉलर लागणारा सामान्य माणूस चढ्या भावाने ते घेत होता, आणि त्याच्या घरासमोरून वीस लाख पाहुणे स्पीडबोटीने जात होते. मालदीवचे लोक किती सुखी झाले, हे मोजायचे तर विमानतळावरची डोकी मोजून चालणार नाही. कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे पिरारनेही मोजली होती.

हे त्यांच्या सरकारलाही कळत होते, असे दिसते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मध्यवर्ती बँकेने नियम काढला. रिसॉर्टसारख्या मोठ्या आस्थापनांनी दर पर्यटकामागे ५०० डॉलर स्थानिक बँकेत आणून रुफियात बदलायचे, अतिथिगृहांनी २५ डॉलर. पन्नास वर्षांच्या पर्यटनानंतर आपल्याच समुद्राचे पैसे आपल्या देशात आणा, असे सांगण्यासाठी कायदा करावा लागला. मोठ्या धंद्यांनी कुरकुर केली. पाचशे आणि पंचवीस यांतला फरक मला मात्र योग्य वाटला. गावातल्या अतिथिगृहाचे पैसे आधीच गावात होते.

बहिष्काराचे पुढे काय झाले? जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये मालदीवचे पर्यटनमंत्री दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूला 'वेलकम इंडिया' म्हणत फिरले. स्टेट बँकेने, ज्या बँकेने १९७४ पासून तिथे कर्जे दिली त्याच बँकेने, मे आणि सप्टेंबरमध्ये मालदीव सरकारच्या प्रत्येकी ५ कोटी डॉलरच्या हुंड्या पुन्हा वर्षभरासाठी घेतल्या. ऑक्टोबरात 'इंडिया आउट'वाले मुइझ्झू स्वतः भारतात आले, आग्र्याला गेले, मुंबईलाही आले. ७ ऑक्टोबरला भारतीय रिझर्व्ह बँक आणि मालदीवची मध्यवर्ती बँक यांच्यात चलन-अदलाबदलीचा करार झाला. ४० कोटी डॉलर आणि त्याखेरीज ३ हजार कोटी भारतीय रुपये उचलण्याची सोय त्यात आहे. बोहरी व्यापारी ज्या मुंबईहून तांदूळ घेऊन निघत, तिथल्याच एका कार्यालयातून आता मालेच्या डॉलरची तजवीज होते. कराराची मुदत जून २०२७ पर्यंत आहे.